सोलापूरच्या मुरमावर टायर: पुढे बटण, मागे मधली नक्षी

सोलापूर आणि आसपासच्या कच्च्या वाटांवर मोटारसायकल चालवणाऱ्याने टायर निवडताना चिखलाचा विचार सर्वांत शेवटी करावा, आणि मुरूम, बाभळीचा काटा व उन्हात तापलेले डांबर यांचा सर्वांत आधी करावा, असे माझे ठाम मत आहे. ऑफ-रोड टायर म्हटले की डोळ्यांसमोर चिखल उडवणारी गाडी येते, जाहिराती तशाच असतात, आणि दुकानदारही टायरच्या खोल खाचेत बोट घालून "चिखलात एकदम पक्का" अशीच हमी देतो. परंतु आपल्या जिल्ह्यात चाकाखाली चिखल येतो तो वर्षातले थोडेच दिवस, आणि जो येतो तो अशा जातीचा असतो की त्याच्यापुढे कोणत्याही टायरचे फारसे काही चालत नाही.

ज्या जोडीचे हे परीक्षण आहे ती मिश्र जोडी आहे. पुढच्या चाकाला बटण टायर, म्हणजे उंच, सुट्या आणि एकमेकांपासून अंतर राखून असलेल्या ठोकळ्यांचा टायर. मागच्या चाकाला मधल्या नक्षीचा, म्हणजे ज्याचे ठोकळे मोठे, दाट आणि मध्यरेषेवर जवळजवळ सलग आहेत असा टायर. गाडी रॉयल एनफील्डची हिमालयन ४११ असून तिच्या टायरची मापे पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/९०-१७ अशी आहेत (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा उंची रुंदीच्या टक्क्यांत, तिसरा रिमचा व्यास इंचांत), आणि दोन्ही चाके आऱ्यांची व ट्यूबची आहेत. टायर दोन वेगवेगळ्या देशी कंपन्यांचे आहेत. त्यांची नावे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी येतील त्या नक्षीच्या आणि रबराच्या प्रकाराबद्दलच्या आहेत; त्याच प्रकारचा दुसऱ्या कारखान्याचा टायर घेतला असता तर त्याही बहुतांशी तशाच राहिल्या असत्या. बाजारात काय मिळते याचा अंदाज यावा म्हणून एवढेच सांगतो की एमआरएफचा मोग्रिप मीटिअर-एम हा बटणांकडे झुकणारा टायर आहे, तर सीएटचा ग्रिप एक्सएल आणि पिरेलीचा एमटी ६० हे मधल्या पट्ट्यात मोडतात. परदेशी नावाला पैसे अर्थातच जास्त पडतात.

टायरआधी जमीन पाहिली पाहिजे. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये आणि परतीच्या पावसात पडतो, आणि उरलेले वर्ष जमीन कोरडी, कडक आणि धुळीची असते. खाली सगळीकडे दख्खनचा काळा बेसाल्ट आहे. उंचवट्यावर तो झिजून मुरूम झाला आहे आणि त्यावर मातीचा जेमतेम थर आहे. नद्यांच्या खोऱ्यांत मात्र हीच माती काळी, खोल आणि चिवट होऊन साठली आहे. सांगोल्याकडची किंवा बार्शी रस्त्यावरची माळराने पहिल्या प्रकारची, तर मंगळवेढ्याचे ज्वारीचे शिवार दुसऱ्या प्रकारचे. भीमा आणि सीनेच्या काठाला, हत्तरसंग कुडलच्या संगमाकडे उतरताना, थोडी वाळूही भेटते. तुळजापूरच्या बाजूला बालाघाटाच्या सोंडा लागल्या की दगड सुटतात. मात्र माळरान म्हणून नान्नजच्या गवताळ भागात गाडी घालण्याचा मोह कोणी करू नये. ते १९७९ पासूनचे माळढोकाचे अभयारण्य आहे, आणि गवतातून गेलेली चाकोरी तिथे पुढे बराच काळ तशीच राहते. कच्ची वाट म्हणजे पाणंद, शिवरस्ता, कालव्याच्या कडेची वाट आणि खाणीकडे जाणारा मुरमाचा रस्ता. तेवढे आपल्याला पुष्कळ आहे.

या जमिनीवरचा खरा कसोटीचा प्रसंग म्हणजे कडक तळावर पसरलेला सुटा मुरूम. त्यावरून गाडी वळवणे म्हणजे फरशीवर सांडलेल्या ज्वारीवरून चालणे. तळ घट्ट असतो, परंतु टायर आणि तळ यांच्यामध्ये दाणे गडगडत असतात, आणि पकड मिळवायची तर टायरला त्या दाण्यांमधून खाली पोहोचावे लागते. गाडीसोबत येणाऱ्या, रस्त्याकडे झुकलेल्या नक्षीच्या टायरचे ठोकळे रुंद आणि दाट असल्यामुळे वजन पसरते आणि टायर दाण्यांच्या थरावरच तरंगत राहतो. बटण टायरचे वजन थोड्या ठोकळ्यांवर एकवटते, त्यामुळे प्रत्येक ठोकळा दाणे बाजूला सारून तळात रुततो, आणि त्याच्या धारदार कडेला अडून पुढचा ब्रेक लागतो. हा फरक सर्वांत स्पष्ट जाणवतो तो उतारावर. मुरमाच्या उतारावर पुढचा ब्रेक हलकेच दाबला असता पूर्वी हँडल एकदम हलके होऊन चाक बाजूला जाऊ पाहत असे. आता लिव्हरमधून एक बारीक करकर हाताला लागते, आणि गाडी सरळ रेषेत वेग सोडते. केवळ एवढ्या कारणासाठी पुढच्या टायरवर खर्च करावा, असे मी म्हणेन.

पुढचाच का, हा प्रश्न अनेकजण विचारतात, कारण आपल्याकडे रीत उलटी आहे: मागे मोठ्या ठोकळ्यांचा टायर घालायचा, कारण तो दिसतो, आणि पुढचा आहे तसाच चालू द्यायचा. हे मला पटत नाही. मागचे चाक घसरले तर गाडी तिरकी होते, चालक थ्रॉटल सोडतो किंवा थोडा वाढवतो, फूटपेगवर उभा राहून वजन सरकवतो, आणि बहुतेक वेळा सावरतो. पुढचे चाक घसरले तर विचार करायलाही अवधी राहत नाही. शिवाय ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढे झुकते, म्हणून थांबण्याचे बहुतेक काम पुढच्याच टायरकडे असते. दिशा आणि ब्रेक ही दोन्ही कामे ज्या चाकाकडे आहेत त्याला चांगला टायर, आणि केवळ ढकलण्याचे काम ज्याच्याकडे आहे त्याला टिकाऊ टायर, अशी ही विभागणी आहे.

आता बटण टायरची दुसरी बाजू. मुरमाचा थर संपून जिथे निव्वळ उघडा खडक लागतो, तिथे हेच उंच ठोकळे वाकतात आणि जमिनीला टेकणारे रबर कमी पडते. अशा ठिकाणी, विशेषतः खडकावर पाण्याचा ओलावा असेल तर, जुना दाट नक्षीचा टायर अधिक शांत वाटत असे. डांबरावर वेग वाढला की हँडलमध्ये बारीक कंप येतो आणि हेल्मेटमधून ऐकू येईल असा घूंऽऽ आवाज सुरू होतो. वळणावर गाडी झुकवली की ठोकळे किंचित दबून मग पकड घेतात, त्यामुळे पहिल्या क्षणी चाक निसटले की काय अशी शंका येते. ती सवयीने जाते, पण ज्यांना पुणे रस्त्यावरून दर आठवड्याला सुसाट जायचे आहे त्यांनी या सवयीच्या भानगडीत पडू नये. त्यांच्यासाठी दोन्ही चाकांना मधलीच नक्षी योग्य.

मागच्या टायरचे गणित वेगळे आहे, आणि ते डांबराने ठरते. शहरातून कोणत्याही चांगल्या कच्च्या वाटेपर्यंत पोहोचायचे तर आधी बराच पक्का रस्ता तुडवावा लागतो. अक्कलकोटकडे जा, विजापूर रस्त्याने जा किंवा हैदराबादच्या महामार्गाने जा, ही वस्तुस्थिती बदलत नाही. एप्रिल-मेमध्ये हवेचेच तापमान ४० अंशांच्या वर असते आणि डांबर त्याहून कितीतरी तापलेले असते. इंजिनचा सगळा जोर मागच्या टायरमधून जमिनीत उतरतो. प्रत्येक सुटा ठोकळा जमिनीवर टेकताना पुढे वाकतो, सुटताना मागे येतो, आणि या सततच्या हालचालीत तापून झिजतो. म्हणून उन्हाळ्यात महामार्गावर चाललेल्या मागच्या बटण टायरचा मधला पट्टा पाहता पाहता सपाट होतो, आणि कडेची बटणे मात्र नव्यासारखी दिसत राहतात. असा टायर खाली उभा राहून पाहणाऱ्याला भारी वाटतो, पण मुरमाच्या चढावर तो गुळगुळीतच असतो. दाट मध्यरेषेचा टायर हा मार सोसतो.

त्याची किंमत चढावर मोजावी लागते. सुट्या दगडांच्या चढणीवर मध्येच थांबून पुन्हा निघायचे झाले तर मधल्या नक्षीचे मागचे चाक जागच्या जागी फिरते आणि खड्डा करते. क्लच हळू सोडून, पुढे झुकून, दुसऱ्या गिअरमध्ये निघावे लागते. बटण टायर असता तर हे सोपे गेले असते, यात शंका नाही. ही तडजोड मी डोळसपणे स्वीकारलेली आहे, कारण अशा चढणी आपल्याकडे मोजक्या आणि डांबर भरपूर. उतारावर मागच्या चाकाचा एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, बंद करण्याची सोय २०२० पासूनच्या हिमालयनमध्ये आहे, आणि या मागच्या टायरसोबत ती वापरलीच पाहिजे. नाहीतर मुरमावर एबीएस सारखा ब्रेक सोडत राहतो आणि गाडी थांबायला फार लांब जाते.

आता काट्याचा विषय, जो टायरच्या कोणत्याही माहितीपत्रकात नसतो आणि सोलापुरात सर्वांत महत्त्वाचा आहे. पाणंदीच्या दोन्ही बाजूंना देशी बाभूळ आणि वेडी बाभूळ असते, शेताच्या कडेला काट्याच्या फांद्या रचून कुंपण केलेले असते, आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी त्या फांद्या चाकोरीत येऊन पडतात. पावसाळा सरता सरता सराटेही पसरतात, पण जाड टायरला सराट्याची भीती नाही. भीती आहे ती बाभळीच्या लांब, पांढऱ्या, सरळ काट्याची. इथे बटण टायरचा एक दोष नीट समजून घेतला पाहिजे. ठोकळा कितीही उंच असला तरी दोन ठोकळ्यांमधल्या खोबणीत रबर पातळ असते, आणि बटण टायरमध्ये अशा खोबणींचे क्षेत्र जास्त असते. काटा ठोकळ्यात घुसला तर तिथेच थांबतो. खोबणीत घुसला तर ट्यूबपर्यंत पोहोचतो. उंच ठोकळ्यांचा टायर पंक्चर होत नाही, हा समज म्हणूनच अर्धाच खरा आहे.

शिवाय बाभळीचा काटा टायरमध्ये शिरला की बाहेरचा भाग रबराच्या पातळीवर मोडतो आणि टोक आत राहते. बाहेरून तिथे काळ्या रबरावर एक तपकिरी ठिपका दिसतो, तोही थुंकी लावून पुसल्याशिवाय नजरेत भरत नाही. ट्यूब काढली, पॅच लावला, पुन्हा बसवली, आणि पाच किलोमीटरवर चाकातली हवा पुन्हा गेली, असे झाले तर कारण बहुधा हेच टोक असते. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका पंक्चरवाल्या अण्णांची पद्धत मला आवडली. मी पॅच पाहायला वाकलो तर ते म्हणाले, "मालक, ट्यूब नंतर. आधी टायर आतून चाचपू द्या." त्यांनी हाताला जुने सुती फडके गुंडाळले आणि टायरच्या आतल्या बाजूने ते सावकाश फिरवले, जिथे फडक्याचा धागा अडकला तिथे खडूने खूण केली, आणि पक्कड घेऊन मोडलेले टोक आतून ओढून काढले. मग उलट्या दिशेने पुन्हा एकदा फडके फिरवले, कारण काटा तिरका शिरला असेल तर एकाच दिशेने तो हाताला लागत नाही. ज्या दुकानात हे न करता थेट ट्यूब कोंबली जाते, तिथे पैसे दिले तरी काम झालेले नसते.

या पार्श्वभूमीवर ट्यूबची निवड टायरइतकीच महत्त्वाची ठरते, आणि बहुतेक लोक तिच्यावर पैसे वाचवतात. जाड ट्यूब घेतली तर काट्याचे टोक किंचित आत आले तरी ती लगेच फुटत नाही, आणि दगडावर आपटून रिमच्या दोन कडांमध्ये ट्यूब चिमटण्याचे प्रमाणही कमी होते. मात्र ती जड असते, बसवायला त्रास देते आणि लांबच्या वेगवान प्रवासात जास्त तापते. मी पुढे जाड आणि मागे नेहमीची वापरतो. ट्यूबमध्ये भरण्याचे जेल काट्याच्या बारीक छिद्रांवर खरोखर उपयोगी पडते, परंतु चिमटून फाटलेल्या ट्यूबवर त्याचा काही उपयोग नाही. आणि एकदा जेल भरले की पुढे पॅच लावताना रबर नीट कोरडे होत नाही, म्हणून पंक्चरवाले त्याला वैतागतात. सोबत बाळगायची ट्यूब २१ इंचीच असावी, कारण गावोगावच्या दुकानांत १७ इंची ट्यूब मिळून जाते, २१ इंची मिळत नाही; आणि अडचणीच्या वेळी २१ इंची ट्यूब दुमडून मागच्या चाकात बसवूनही घरापर्यंत सावकाश येता येते.

ज्यांना हा सगळा खटाटोप नको असेल त्यांच्यासाठी ट्यूबलेस हा सरळ मार्ग आहे. हिमालयन ४५० ला आऱ्यांची ट्यूबलेस चाके मिळतात, आणि काटा लागला तर बाहेरूनच छिद्रात रबरी दोरी घालून काम भागते. मात्र तिचे मागचे माप १४०/८०-१७ आहे, त्यामुळे या लेखातला मागचा टायर तिला बसणार नाही. जुन्या गाडीच्या ट्यूबवाल्या रिमला आतून चिकटपट्टी लावून ट्यूबलेस करणारेही आहेत. मी त्या वाटेला गेलेलो नाही.

हवेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण चुकीच्या हवेवर उत्तम टायरही वाया जातो. डांबरावर गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला आकडाच पाळावा. कच्च्या वाटेवर उतरल्यावर मी पुढे २२ आणि मागे २४ पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) हवा कमी करतो. हवा कमी केली की टायर जमिनीच्या आकारानुसार दबतो, जास्त ठोकळे टेकतात आणि दगडावरचे हादरेही मऊ होतात. त्याहून खाली जाणे ट्यूबच्या गाडीला धोक्याचे आहे: एक तर आपटून ट्यूब चिमटते, आणि दुसरे म्हणजे जोराचा ब्रेक लावला की टायर रिमवर सरकतो, त्याच्याबरोबर ट्यूब सरकते आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. व्हॉल्व्हवरची चपटी चकती रिमला घट्ट आवळून ठेवू नये. ती सैल करून वर, टोपीजवळ नेऊन ठेवावी. मग टायर सरकू लागला तर व्हॉल्व्ह रिममधून तिरका उभा राहिलेला दिसतो, आणि तो फाटण्याआधी चाक सोडवून सरळ करता येते. चकती खाली आवळलेली असेल तर व्हॉल्व्ह सरळच दिसतो आणि आतून तुटतो. आपल्याकडची बहुतेक दुकाने ती सवयीने आवळूनच देतात. दुकानातून निघण्याआधी ती आपण स्वतः सैल करावी.

हवा सकाळी, टायर गार असताना मोजावी. तापमान दहा अंशांनी वाढले की हवेचा दाब साधारण एक ते दीड पीएसआयने वाढतो. दुपारी दोन वाजता तापलेल्या टायरमध्ये पंपावरच्या पोऱ्याने "जास्त आहे" म्हणून हवा काढली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे टायर कमी हवेचा झालेला असतो. आणि कच्च्या वाटेसाठी कमी केलेली हवा तशीच ठेवून महामार्गावर वेगाने येणे हा टायरचा सर्वांत मोठा शत्रू आहे. कडेची भिंत सतत दबते-फुगते, टायर आतून तापतो, आणि ठोकळ्यांच्या मुळाशी भेगा पडतात. पायाने मारायचा छोटा पंप आणि स्वतःचा गेज सोबत ठेवल्याशिवाय हवा कमी करूच नये.

काळ्या मातीविषयी आता लिहितो. कोरडी असताना ती भेगाळलेली आणि दगडासारखी कडक असते, तिथे कोणताही टायर चालतो. एक दणक्याचा पाऊस झाला की ती फुगते आणि चाकाला चिकटू लागते. बटण टायरची रचना अशी की चाक वेगाने फिरले की खोबणीतला चिखल बाहेर फेकला जावा. परंतु मंगळवेढ्याच्या शिवारातली माती फेकली जाण्याइतकी सैल नसते, आणि आपला वेग तेवढा नसतो. काही मीटरमध्येच पुढच्या टायरच्या खोबण्या भरून तो गोल, काळा आणि गुळगुळीत होतो. मग माती टायर आणि त्याच्या लगतच्या खालच्या मडगार्डच्या मधे दाबून बसते, आणि चाक फिरणेच बंद होते. गाडी ढकलूनही हलत नाही. काठीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने माती उकरत बसावे लागते, आणि पाहणारे शेतकरी "जरा थांबला असता तर काय बिघडलं असतं?" असा रास्त प्रश्न विचारतात. या मातीवर वापसा येईपर्यंत गाडी घालू नये. वापसा आल्यावर, म्हणजे जमीन ओलसर पण न चिकटणारी झाल्यावर, हाच पुढचा बटण टायर अप्रतिम पकड देतो, आणि मागच्या मधल्या नक्षीचीही तक्रार राहत नाही.

ओल्या डांबरावर दोन्ही टायर मला समाधानकारक वाटले, फार चांगले नव्हेत. एका गोष्टीची मात्र खास सूचना करतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या शेतातून थेट रस्त्यावर चढतात आणि त्यांच्या चाकांना लागलेली काळी माती वळणावर पडते. पहाटेच्या दवाने ती भिजली की डांबरावर साबणाचा थर तयार होतो. त्यावर बटण टायर सर्वांत आधी निसटतो, कारण खाली रुतायला जागा नसते आणि टेकणारे रबर कमी असते. कारखान्याच्या वाटेवर पहाटे जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. वाळूत, नदीकाठच्या तेवढ्या छोट्या पट्ट्यांत, पुढचा टायर बरा, मागचा जेमतेम. त्याबद्दल अधिक लिहिण्याइतकी वाळू आपल्याकडे चालवायला नाही.

झीज कशी वाचावी याबद्दल बरेच गैरसमज आहेत. ठोकळ्याची उंची किती उरली हे सगळेच पाहतात. मुरमावर मात्र उंचीपेक्षा कड महत्त्वाची. ठोकळ्याच्या ज्या कडेने तो जमीन पकडतो ती नवीन असताना नखाला टोचते. ती गोल झाली की उंची अर्ध्याहून जास्त शिल्लक असूनही उतारावर ब्रेक पूर्वीसारखा लागत नाही. पुढच्या टायरवर ठोकळे एका बाजूने खोल आणि दुसऱ्या बाजूने उंच असे उतरते झिजतात, आणि तेव्हा हँडलमधला कंप वाढतो. काहीजण अशा वेळी टायर उलटा फिरवून बसवतात, परंतु बाजूच्या भिंतीवर दिशेचा बाण असेल तर तसे करू नये.

दुकानात जाऊन पाहण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या पाहाव्यातच. भिंतीवर आयएसआय खूण असावी. "नॉट फॉर हायवे यूज" असे छापलेला टायर निव्वळ शर्यतीचा असतो, तो रस्त्यावर चालवायचा नाही. मापाशेजारी ५४एस किंवा ६४एस असे लिहिलेले असते. ५४ म्हणजे त्या टायरवर जास्तीत जास्त २१२ किलो, ६४ म्हणजे २८० किलो, आणि एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा वेग. सामान बांधून जोडीने फिरणाऱ्यांनी मागच्या टायरचा हा आकडा मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नये. मागे १२०/९०-१७ ऐवजी "थोडा रुंद, दिसायला भारी" म्हणून १३०/८०-१७ सुचवणारे दुकानदार भेटतात. तो टायर रुंद असला तरी बुटका आहे: व्यासात ८ मिलिमीटरचा फरक पडतो, गाडी मागे ४ मिलिमीटरने खाली बसते, आणि रुंदीमुळे साखळीकडची जागा कमी होते. फायदा काहीच नाही. ज्यांच्याकडे हिरोची एक्सपल्स २०० आहे त्यांचे पुढचे माप हेच आहे, पण मागे १२०/८०-१८ लागते. १८ इंचांत खऱ्या ऑफ-रोड नक्षीची निवड मोठी आहे, आणि त्यांनी मागेही बटण टायर वापरून पाहायला हरकत नाही, कारण गाडी हलकी असल्यामुळे झीजही कमी होते.

बसवण्याच्या कामात सात रस्ता परिसरातल्या एका जुन्या दुकानाचा अनुभव मला उत्तम आला. मशीनवर न चढवता लिव्हरने, हाताने बसवणारे कारागीर आता कमी होत चालले आहेत, आणि आऱ्यांच्या चाकाला तेच हवेत. त्यांनी रिममधली जुनी पट्टी काढून आऱ्यांची टोके बोटाने तपासली, एक बाहेर आलेले टोक कानशीने घासले, नवी पट्टी घातली, टायरच्या आत पावडर टाकली, ट्यूबमध्ये थोडी हवा भरून तिचा आकार आणला आणि मगच ती आत सरकवली. शेवटी साबणाचे पाणी लावून हवा भरली, आणि टायरच्या भिंतीवरची बारीक रेषा रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे की नाही हे चाक फिरवून दाखवले. एका ठिकाणी ती आत गेलेली दिसली. त्यांनी न सांगता हवा सोडली, पुन्हा साबण लावला आणि पुन्हा भरली. वेळ गेला, पण महामार्गावर चाक लंगडत नाही.

खरेदीच्या बाबतीत दोन व्यावहारिक गोष्टी. मागचा टायर आपल्याकडे बहुधा मिळतो. पुढचा ९०/९०-२१ बटण नक्षीत मागवावा लागतो, म्हणून जुना संपण्याची वाट न पाहता आधी सांगून ठेवावे. आणि मागवलेला टायर आला की पैसे देण्याआधी भिंतीवरचा चार अंकी तारखेचा शिक्का वाचावा: ३२२४ असेल तर तो २०२४ च्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. फारसे न खपणारे माप गोदामात पडून राहते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये दोन-तीन वर्षे काढलेले रबर दिसायला नवे असले तरी कडक झालेले असते. शिक्का जुना निघाला तर टायर परत करून दुसरा मागवावा. दुकानदार कुरकुर करतो, पण बदलून देतो.